आईला घेऊन केळकर संग्रहालयात

आई साताऱ्याहून चार दिवस राहायला आली होती. शनिवारवाडा, पर्वती तिची कधीच पाहून झालेली. म्हणून बुधवारी तिला शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं. दीड तासात परत येऊ असा माझा हिशोब होता. साडेतीन तास लागले आणि तरी वाद्यांपाशी घाई झाली.

गाडी घरीच ठेवा. बाजीराव रस्ता एकेरी आहे आणि नातूबागेच्या गल्ल्यांत ती लावायची कुठे, हा प्रश्नच असतो. मेट्रोने मंडईला उतरून चालत जाता येतं. सकाळी उघडतानाच पोहोचा. अकराच्या सुमारास एका शाळेची सहल आली, तोवर दिव्यांपुढे आम्ही दोघीच होतो. वर जायला जिने चढावे लागतात. आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही प्रत्येक मजल्यावर थांबत गेलो.

नावातला ‘राजा’ म्हणजे कुणी संस्थानिक नव्हे. दिनकर केळकर आणि कमलाबाई यांचा लहानपणीच गेलेला मुलगा राजा, त्याच्या आठवणीत हे संग्रहालय उभं आहे. केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. जुन्या वाड्यांतून, बाजारांतून वस्तू जमवायच्या, त्या घरात आणायच्या, हे त्यांनी कमलाबाईंच्या साथीने आयुष्यभर केलं. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह त्यांनी 1975 साली महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. एका वेळी त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो, त्यामुळे पूर्वी जाऊन आला असाल तरी पुन्हा जा.

मस्तानी महालापाशी गर्दी होतेच. कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून तो इथे पुन्हा उभारला आहे. तो पाहा, पण सगळा वेळ तिथे घालवू नका. आई रमली ती वज्र्यांपाशी.

“अगं, ही बघ! माझ्या आजीकडे होती अशी. पण तिच्यावर पक्षी नव्हता.”

वज्री म्हणजे टाचा घासायची वस्तू, न्हाणीघरात पडून राहणारी. तिच्या पाठीवर कुणा तांबटाने पक्षी बसवलाय. सुपारी कातरायला दोन पाती पुरली असती, तरी इथले अडकित्ते पोपटाचे आहेत, घोड्याचे आहेत, स्त्री-पुरुषाच्या जोडीचे आहेत. तलवारी आणि तोफा कुणीही जपेल. बायकांच्या हातातल्या या वस्तू मोडीत जाण्याआधी केळकर दांपत्याने उचलल्या, याबद्दल मला त्यांचं फार ऋण वाटतं. घरातलं वडीलधारं माणूस बरोबर न्या. लामणदिव्यात तेल कसं घालायचे, कुठे टांगायचे, हे मला आईने सांगितलं.

वेळ, तिकीट आणि फोटोचे नियम बदलतात, आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

तिथून सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ लांब नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी 1910 साली ते स्थापन केलं. राजवाडे गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून जुन्या कागदपत्रांची दफ्तरं शोधत. ग. ह. खरे यांच्यासारख्या इतिहास संशोधकांनी तर उभा जन्म या एका संस्थेला दिला. इथे फेरफटका मारायला म्हणून जाऊ नका. अभ्यासक कामात असतात, तेव्हा आधी विचारून आणि काय पाहायचंय ते ठरवून जा.

परत येताना आईला आठवलं, आमच्या माळ्यावर मोडी लिपीतल्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा आहे, आजोबांच्या वेळचा. तुमच्याकडेही असा असेल तर रद्दीत घालू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवा. आमचा रुमाल आई पुढच्या खेपेला घेऊन येणार आहे.