आमची वाटचाल : नागरी बँकांच्या संगणकप्रणालीची फेरतपासणी

कोल्हापूर-सांगली भागातील नागरी सहकारी बँकांना संगणक पुरवणे आणि त्यांची देखभाल करणे हा आमचा मूळ व्यवसाय. कोअर बँकिंग प्रणालीचा, म्हणजे सर्व शाखांचे व्यवहार एकत्र चालवणाऱ्या संगणकप्रणालीचा, नवा पॅच (दुरुस्ती-सुधारणांचा संच) आला, की संध्याकाळी कामकाज आटोपल्यावर बँकेचे दोघे-तिघे कर्मचारी यूएटी सर्व्हरवर, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या सर्व्हरवर बसत, जे बदलले आहे तेवढे पाहत आणि मंजुरीच्या कागदावर सही करत. जे बदललेलेच नाही ते बिघडले तर नाही ना, हे पाहायला कोणाला सवड नसे. प्रत्येक पॅचनंतर संपूर्ण प्रणाली स्वयंचलित चाचण्यांनी पुन्हा तपासायची, हे आमचे आजचे काम या उणिवेतून उभे राहिले.

पडद्यावरच्या क्रिया आपोआप करून घेणाऱ्या सेलेनियम या साधनावर चाचण्यांच्या स्क्रिप्ट लिहिणे कष्टाचे होते, अवघड नव्हते. खरा प्रश्न होता तो अपेक्षित उत्तर आणायचे कोठून, हा. जुन्या आवृत्तीचा आकडा प्रमाण मानून नव्या आकड्याशी ताडण्याची रीत सोयीची आहे खरी. पण मुळातला आकडाच चुकीचा असेल, तर स्क्रिप्ट ती चूक दर वेळी ‘उत्तीर्ण’ म्हणून दाखवत राहते. म्हणून रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक समोर ठेवून कागदावर हिशेब करायचा आणि त्यावर बँकेच्या अधिकाऱ्याची सही झाल्यावरच ते उत्तर चाचणीत घालायचे, असा दंडक आम्ही घालून घेतला.

एक चाचणी सांगतो. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकातील उदाहरणानुसार, ३१ मार्च २०२१ रोजी देय असलेली रक्कम त्या दिवसाच्या डे-एंडपूर्वी (दिवसअखेरच्या हिशेबप्रक्रियेपूर्वी) पूर्ण जमा झाली नाही आणि पुढेही थकीत राहिली, तर खाते २९ जूनच्या डे-एंडला एनपीए (अनुत्पादक कर्ज) होते. खातेदाराची ओळख पुसलेल्या कर्जखात्यावर आम्ही यूएटी सर्व्हरची तारीख एकेक दिवस पुढे सरकवत डे-एंड चालवतो; २८ जूनला खाते स्टँडर्ड (एनपीए नसलेले) आणि २९ ला एनपीए दिसले पाहिजे. मग थकबाकीचा काही भाग भरून पाहतो, कारण मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याखेरीज ते खाते पुन्हा स्टँडर्ड होता कामा नये.

व्यवसायाला खरा जोर आला तो दंडव्याजाच्या नियमामुळे. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना दंडव्याजाऐवजी दंडात्मक शुल्क लागू झाले आणि त्या शुल्कावर पुढे व्याज आकारायचे नाही, असे ठरले. जुन्या कर्जांना मात्र पुढील आढाव्यापर्यंत किंवा नूतनीकरणापर्यंत, पण फार तर ३० जूनपर्यंत मुभा होती. मधल्या तीन महिन्यांत एकाच प्रणालीत दोन नियम शेजारी-शेजारी नांदत होते आणि व्याज आकारणीला हात लागल्यामुळे चाचण्यांचा संपूर्ण संच पुनःपुन्हा चालवावा लागे. हाताने तपासून हे निभणार नाही, हे तेव्हा संचालक मंडळांनाही पटले.

ऑडिटरला ‘सर्व चाचण्या उत्तीर्ण’ एवढ्या शेऱ्याने भागत नाही. कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या दिवशी, कोणाच्या मंजुरीने चाचणी झाली, हे पडद्यांच्या छायाचित्रांसह आम्ही जपून ठेवतो. नापास झालेल्या चाचणीची नोंदही पुसत नाही. अनेकदा नापास होण्याचे कारण, पुरवठादाराने एखादे बटण दुसरीकडे हलवले, इतके किरकोळ असते. तरीही तसा निर्वाळा माणसानेच, नावानिशी द्यायचा असतो.

पॅच किती येतील हे बँकेच्या हाती नसल्याने आम्ही वार्षिक करार करतो, आणि एकच प्रणाली वापरणाऱ्या लहान बँकांना सामाईक संच देतो. ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींवरील व्याजासाठी टीडीएसची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५० हजारांवरून एक लाख रुपये झाली, तेव्हा त्या सगळ्या बँकांचे काम एकाच हिशेबपत्रकावर झाले.