ग्रिल-गेटपासून सोलरपर्यंत : आमची वाटचाल

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. सुरुवातीची बरीच वर्षं ग्रिल, गेट आणि गोडाऊनच्या छपराचे ट्रस (लोखंडी सांगाडे) यांवर निघाली. आता निम्म्याहून जास्त काम गच्चीवरच्या सोलर स्ट्रक्चरचं, म्हणजे पॅनल पेलणाऱ्या लोखंडी मांडणीचं असतं. याचं श्रेय लोक सरकारी योजनेला देतात. ते खोटं नाही, पण योजना आली तेव्हा आम्ही तयार होतो, आणि ती तयारी झाली पगाराच्या दिवशीच्या चहावर.

त्या दिवशी काम लवकर थांबतं आणि कुणीतरी इंटरनेटवर सापडलेली एखादी गोष्ट सगळ्यांना दाखवतो. साहसाची, यंत्राची, डिझाइनची, ऊन-वाऱ्यावरच्या विजेची, कशाचीही. अट एकच : दाखवणाऱ्याने ती चालते कशी हे सांगायचं. नुसतं ‘शेठ, भारी आहे’ म्हणून भागत नाही.

आमच्या एका वेल्डरने ‘सोलर इम्पल्स २’ दाखवलं, तेव्हापासून या बैठकीला खरा रंग चढला. बर्ट्रांड पिकार आणि आंद्रे बोर्शबर्ग यांनी आळीपाळीने उडवलेलं हे विमान इंधनाचा थेंबही न जाळता 2015-16 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. वाटेत ते अहमदाबाद आणि वाराणसीलाही उतरलं होतं. पंखांचा पसारा 72 मीटर, वर 17 हजारांहून जास्त सौर सेल, आणि वजन फक्त 2.3 टन. जपानहून हवाईला जाताना बोर्शबर्ग एकटे सलग पाच दिवस-रात्री हवेत होते. आमच्या पोरांना सगळ्यात जास्त नवल वजनाचं वाटलं. लोखंडात काम करणारा माणूस कुठलीही वस्तू आधी मनातल्या मनात तोलतो.

मग एकाने विचारलं, हे इतकं सहज उडतं, तर आपली पॅनल का उडत नाहीत?

या प्रश्नाने आमचं काम बदललं. विमानाला वाऱ्याने उचलावं म्हणून डिझायनर झटतो. गच्चीवर वाऱ्याने उचलू नये म्हणून आपण झटायचं. गणित एकच, फक्त उलटं. भारतीय मानक आयएस 875 मध्ये नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी साधारण 140 किलोमीटर. वेगाच्या वर्गाला 0.6 ने गुणलं की दर चौरस मीटरला सुमारे 900 न्यूटन दाब येतो, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास. तीन किलोवॉटच्या सहा पॅनलचं क्षेत्रफळ पंधरा चौरस मीटर. उतार आणि उंचीप्रमाणे आकडा कमीजास्त होतो, पण वळवाच्या वावटळीत ओढ टनाच्या घरात जाऊ शकते, आणि पॅनलचं स्वतःचं वजन दोनशे किलोही नसतं. तेव्हापासून पाइप किती जाड घ्यायचा हे अंदाजावर ठरत नाही. खांबाखालची बेस प्लेट, ती स्लॅबला धरणारे अँकर, आधाराचे तिरके ब्रेसिंग, सगळं कागदावर मांडून मगच कटिंगला जातं.

त्यात नाशिकच्या गच्चीची स्वतःची मागणी असते. मालक म्हणतात, स्लॅबला भोक नको, गळेल. वहिनी म्हणतात, कुरडया-पापड कुठे वाळवायचे? म्हणून डोक्यावरून जाणारं उंच स्ट्रक्चर हवं, आणि उंची वाढली की वाऱ्याचं गणित आणखी कडक होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये घरच्या छतावरील सोलरला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान म्हटल्यावर फोन थांबेनात. स्वस्तातलं स्ट्रक्चर मागणारेही भरपूर आले. त्यांना हे गणित दाखवतो. पटलं तर काम घेतो, नाही तर चहा पाजून निरोप देतो.

साहसाच्या व्हिडिओंचा उपयोग मला आधी कळला नव्हता, करमणूक म्हणूनच बघायचो. पण सेफ्टी बेल्ट बांधायला कुरकुरणाऱ्या पोरांनी एकदा कड्यावरचे कसलेले गिर्यारोहक पाहिले. प्रत्येक गाठ दोनदा तपासणारे, एका अँकरवर कधीच भरवसा न ठेवणारे. माझ्या वर्षानुवर्षांच्या ओरडण्याने जे झालं नाही ते तिथे झालं. आता बेल्ट न लावणाऱ्याची बाकीचेच थट्टा करतात.

ग्राहकही व्हिडिओ घेऊन येतात. सगळ्यात जास्त विचारणा रस्त्यावरच्या सोलरची. ‘भाऊ, अंगणातच पॅनल अंथरा ना!’ फ्रान्समध्ये नॉर्मंडीत 2016 च्या डिसेंबरात एक किलोमीटरचा असा रस्ता सुरू झाला होता, खर्च पन्नास लाख युरो. पॅनल आडवी, वरून टायर, पालापाचोळा. वीज अपेक्षेपेक्षा बरीच कमी मिळाली, पुढे एक तुकडा काढूनही टाकला. हे सांगितलं की अंगणाचा विषय मिटतो. केरळातली ‘आदित्य’ ही सोलरवरची फेरीबोट मात्र मी स्वतःहून दाखवतो. 2017 पासून वैक्कमला धावते, 75 प्रवासी बसतात. दोन सडपातळ तळांची, हलकी. पॅनल वाढवण्याआधी बोटीची भूकच कमी ठेवलीय. पिंपळगावच्या एका पॅकहाउसवाल्यांना मी हेच सांगितलं : आधी जुन्या मोटारी आणि कोल्ड रूमचं इन्सुलेशन बघा, मग किती किलोवॉट ते ठरवू. ऑर्डर लहान झाली. मुलगा चिडला, मी नाही.

सध्या चर्चा चालू आहे द्राक्षबागेवरच्या पॅनलची. युरोपातल्या बागांचे फोटो फार देखणे आहेत आणि दिंडोरीच्या एका बागायतदार काकांनी आम्हाला बोलावलंही. ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर खालून जाईल एवढी उंची आम्ही देऊ शकतो, तो प्रश्न लोखंडाचा आहे. पण काका म्हणाले, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतो, तेव्हा ऊन हवंच, तुमची सावली तिथे मला परवडायची नाही. बागेवर पॅनल लावून बघायचीच असतील तर एक कडेची ओळ देतो म्हणाले. तूर्तास त्यांच्या पॅकिंग शेडच्या छपराचं माप घेतलंय, आणि त्या ओळीचं ड्रॉइंग टेबलावर आहे.