सावली धरायची, पण केव्हा?

मागच्या नोंदीत आमच्या हॅचरीतल्या, म्हणजे किनाऱ्यावरची समुद्री कासवांची अंडी आणून वाळूत उबवण्याच्या जागेतल्या, लॉगरचे (तापमान नोंदत राहणाऱ्या उपकरणाचे) चढे आकडे दिले होते आणि घरटं उघडेपर्यंत निष्कर्ष काढत नाही म्हटलं होतं. आता पहिल्या रांगेतलं एक घरटं उघडलं. वरची पिल्लं व्यवस्थित बाहेर पडली होती. मधल्या भागात मात्र पूर्ण वाढलेली, कवच फोडायच्या बेतात असलेली पिल्लं अंड्यातच मेली होती. फार जिवाला लागलं.

अंडी हलवताना हिसका बसला असेल, असं काहींचं मत पडलं. मला ते पटत नाही. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो सुरुवातीलाच दगावतो. डोळे-पाठ तयार झालेलं पिल्लू त्याने मरत नाही. वाळू मोकळी होती, बुरशी नव्हती, खेकड्याचं बीळ नव्हतं. म्हणजे उरली उष्णता.

यावेळी एक लॉगर रिकाम्या वाळूत, 45 सेंटीमीटरवर पुरला होता आणि दुसरा अंडी ठेवतानाच त्यांच्या मधोमध. सुरुवातीला दोघांच्या रेषा जवळपास एकच. शेवटच्या टप्प्यात मात्र घरट्याची रेषा सुटून वर गेली आणि 34 अंश ओलांडून गेली. रिकामी वाळू तितकी तापलीच नव्हती! वाढत्या पिल्लांची स्वतःचीच उष्णता ती, आणि मधल्या अंड्यांना ती सोडायला जागा नाही. नुसत्या वाळूचं तापमान घेऊन आपण निर्धास्त राहतो, ते घातक आहे.

लॉगर महाग वाटतो, पण बिनालॉगर हॅचरी चालवू नये, असं माझं ठाम मत झालंय. तबकडीवाले थर्मामीटर आम्ही बाद केले. ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवं, तर तिघांचे तीन आकडे.

मग सगळ्या हॅचरीवर सावलीसाठी हिरवी जाळी टाकायची, असं ठरत आलं होतं. हरकत एकच, पण मोठी. कासवाच्या पिल्लाचं लिंग तापमानावर ठरतं. साधारण 29 अंशांच्या आसपास नर-मादी निम्मे-निम्मे, त्याखाली नर जास्त, वर माद्या जास्त. पहिल्या दिवसापासून दाट सावली धरली तर पिल्लं वाचतील, पण आपण नरांचीच फौज सोडत बसू. किनाऱ्यावर जे प्रमाण आपोआप घडलं असतं त्यात इतका हात घालायचा अधिकार आपल्याला आहे, असं मला वाटत नाही.

हे लिहिता लिहिताच एक गोष्ट लक्षात आली. लिंग ठरतं ते उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. 50 दिवस धरले तर साधारण 17 ते 33 या दिवसांत. आणि घरटं स्वतः तापतं ते प्रामुख्याने शेवटच्या हिश्श्यात! मग जाळी तेव्हाच ओढायची. लिंग ठरून गेलेलं असेल, सावली फक्त जीव वाचवेल.

यासाठी मांडणी बदलावी लागेल. आत्ता जिथे जागा दिसेल तिथे घरटं होतं. एका जाळीखाली कोवळी आणि पिकत आलेली अंडी शेजारी-शेजारी. पुढची घरटी तारखेप्रमाणे रांगेने, दोन घरट्यांत मीटरभर अंतर ठेवून. जाळी डोक्याच्या उंचीवर, चारी बाजूंनी वारा खेळेल अशी. वाळूला टेकलेली जाळी मला अजिबात पसंत नाही. पाणी शिंपडायचं तर गोडं, संध्याकाळी आणि बेतानं. उन्हात तापलेल्या टाकीतलं नको, आणि चिखल झाला तर अंडी गुदमरतात.

एक आनंदाची गोष्ट राहिलीच. नवीन आलेल्या मुलीने पहाटेच्या गस्तीत माग पाहूनच ऑलिव्ह रिडले जातीचं कासव ओळखलं. उजव्या-डाव्या वल्ह्यांचे (वल्ह्यासारख्या पायांचे) ठसे आळीपाळीने पडलेले होते. हिरव्या कासवाचे जोडीने पडतात. घरटंही तिनेच शोधलं. तारखेप्रमाणे लावलेल्या नव्या रांगेतलं ते पहिलं घरटं, लॉगर आतच आहे. तुमच्यापैकी कोणी शेवटच्या हिश्श्यातच सावली धरून पाहिली असेल, तर दोन्ही लॉगरचे आकडे कळवा. आमची जाळी बांधून तयार आहे, तेहेतिसाव्या दिवसाच्या पुढे ओढणार.