तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेटचे शेवटचे भाग बघायचे की सोडायचे?

"जेरेमी ब्रेटची शेरलॉक होम्स मालिका बघायला घेतलीय. शेवटचे भाग वाईट आहेत म्हणतात. बघू की सोडू?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय आणि मी इतकी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत की आता माझीच मला लाज वाटते. एकाला सांगितलं, 1988 पर्यंत बघ आणि थांब. दुसरीला सांगितलं, एकही भाग चुकवू नकोस. ते दोघं एकमेकांना ओळखतात हे मला मागाहून कळलं. तेव्हा एकदाच लिहून टाकते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. पडद्यावरचा खरा होम्स कुठल्या नटाचा, हा वाद मला घालायचा नाही. रॅथबोनच्या 14 चित्रपटांवर जीव टाकणारे आहेत. तिसऱ्या चित्रपटापासून होम्सला उचलून थेट दुसऱ्या महायुद्धात नेलं आणि वॉटसनचा बावळट काका केला, तरी त्यांचं प्रेम हटत नाही. रशियन लिवानोव ज्यांना भेटला ते दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाहीत. कंबरबॅचवाले तर आपल्याला म्हातारेच समजतात. समजू देत. मी ब्रेटवाली आहे, आणि विषय ब्रेटच्या शेवटाचा आहे.

सुरुवातीबद्दल मतभेद ऐकलेला नाही. 1984 चा होम्स म्हणजे ताणलेली तार. मध्येच सोफ्यावरून उडी, पापणी लवायच्या आत येऊन जाणारं ते हसू, बोटांची ती नखरेल हालचाल. काहींना तो अतिअभिनय वाटतो. वाटो बापडा. होम्स लिहिणाऱ्या डॉइलच्या पानांशी इमान राखण्यासाठी मालिका करणाऱ्यांनी 77 पानांची एक टिपणवही तयार केली होती: होम्स काय खातो, काय घालतो, कुठल्या कथेत काय म्हणतो. ब्रेट सेटवर मूळ पुस्तक घेऊन भांडायचा. माझ्यासारखीला आणखी काय हवं?

मग गाडी घसरते. 1993 मध्ये दोन लांबलचक भाग आले. एक 'लास्ट व्हँपायर' आणि दुसरा 'एलिजिबल बॅचलर'. दुसऱ्याची मूळ कथा म्हणजे लग्नाच्या मेजवानीतून उठून गेलेल्या नवरीची हलकीफुलकी गोष्ट, शेवटी रुसलेला लॉर्ड सोडून बाकीचे जेवायला बसतात अशी. पडद्यावर मात्र नुसता काळोख, आणि झोपेतून दचकून उठणारा होम्स, पुन्हा पुन्हा तेच स्वप्न. त्यातून ब्रेटचा चेहरा सुजलेला, अंग जड झालेलं, वाक्य पूर्ण करताना दम लागलेला.

हा भाग मी पहिल्यांदा दादाबरोबर पाहिला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. होम्स मला त्यानंच वाचायला दिला होता. लॅपटॉप त्याच्या पलंगावर, आम्ही दोघं भिंतीला टेकून. मी नेहमीप्रमाणे बडबडत होते. दहा मिनिटांत म्हणाले, "हा काय होम्स आहे? फुगलाय नुसता. ह्याला आता गुन्हेगार नाही, जिना सापडला तरी पुरे." वाक्य मला आवडलं, म्हणून पुन्हा एकदा म्हणाले. दादा हसला नाही. पलंगाशेजारी त्याची पाण्याची बाटली असायची. त्यानं ग्लास अर्धाच भरला. तो नेहमी अर्धाच भरायचा, कारण पूर्ण भरला की हिंदकळायचा. दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायला आणि पडद्याकडे बघतच म्हणाला, "गोळ्यांनी होतं तसं."

मी म्हटलं, "कसल्या गोळ्या?"

"लिथियम. तोही घ्यायचा."

तो"ही". दादाला लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, सुरू होऊन तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं. बाटली, अर्धा ग्लास, वाढलेला शर्टाचा नंबर, ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी, हे सगळं त्याच घरात माझ्या डोळ्यांसमोर होतं. शेरलॉक होम्सवर तासन्‌तास बोलणाऱ्या बाईला ते जोडता आलं नाही. "तू बघतोस, पण निरीक्षण करत नाहीस" हे होम्सनं वॉटसनला पहिल्याच लघुकथेत सुनावलेलं वाक्य मी लोकांना पाठ म्हणून दाखवायची. दादानं ते मला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. उरलेला भाग आम्ही न बोलता पाहिला. संपल्यावर त्यानं लॅपटॉप मिटला आणि "जेवायचंय का तुला?" एवढंच विचारलं.

ब्रेटची हकीकत मला माहीत नव्हती असं नाही. 1985 मध्ये त्याची बायको कॅन्सरनं गेली, पुढच्या वर्षी तो रुग्णालयात होता, निदान मॅनिक डिप्रेशनचं, म्हणजे त्याच चढउतारांचं, वर हृदयाचं जुनं दुखणं आणि सिगारेटी. लिथियमनं शरीरात पाणी साठायचं. हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं म्हणूनच जास्त लागतं.

त्यानंतर मी काय केलं? उलट्या टोकाला गेले. शेवटच्या भागांची वकिली सुरू केली. 1994 चा 'डाइंग डिटेक्टिव्ह' घ्या. मूळ कथेत होम्स मरणपंथाला लागल्याचं सोंग करतो: तीन दिवस उपास, कपाळाला व्हॅसलीन, डोळ्यांत बेलाडोना, ओठांभोवती मेणाची खपली. मी लोकांना सांगायची, "कथेत होम्स रंग लावून आजारी होतो, इथे नट रंग लावून बरा होतो." समोरचे गप्प व्हायचे. वाक्य आजही वाईट नाही. पण त्यात ब्रेट कुठे आहे? मी आहे, माझी हुशारी आहे.

एकदा हे मी दादासमोरही बोलले. तो वैतागला. असा वैताग मी त्याच्याकडून फार वेळा पाहिलेला नाही. म्हणाला, "तुला तो भाग आवडला का? नाही ना? मग कशाला चांगलं म्हणतेस? आधी फुगलाय म्हणून नावं ठेवलीस, आता आजारी होता म्हणून कौतुक करतेस. काम कसं केलंय ते कधी बघणार?"

मी म्हटलं, "तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मी त्या मालिकेत काम करत नाही," तो म्हणाला.

ह्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. दम लागलेला नट दिसला की त्याचं काम वेगळं काढून कसं बघायचं, हे मला येत नाही. माझी जुनी मी म्हणते, पडद्यावर जे दिसतं तेवढंच मोज, पडद्यामागचं प्रेक्षकाला देणं लागत नाही. नियम चांगला आहे, पण तो मी स्वतः कधी पाळला? 'डेव्हिल्स फूट'मध्ये होम्स नशेची सुई वाळूत पुरतो, ते डॉइलनं लिहिलेलं नाही. त्यासाठी डॉइलच्या मुलीची संमती घेतली होती हे कळल्यावर मी तो बदल बिनतक्रार गिळला. म्हणजे पडद्यामागचं मला चालतं, फक्त माझ्या सोयीचं.

तर तुमचा प्रश्न. 'लास्ट व्हँपायर' वाईट आहे. नट धडधाकट असता तरी वाईटच झाला असता, कारण एका छोट्या कथेला ताणून दोन तासांची केली आहे. हे मी आता न कचरता म्हणते, निदान म्हणायचा सराव करते आहे. 1994 च्या सहांपैकी एका भागात तर ब्रेट इतका आजारी होता की तपास होम्सच्या भावाच्या, मायक्रॉफ्टच्या हाती द्यावा लागला. त्याला होम्सचा भाग म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि 'कार्डबोर्ड बॉक्स' बघा, तो सगळ्यात शेवटचा. त्यात ब्रेट जवळजवळ हलत नाही. उड्या नाहीत, बोटांचे नखरे नाहीत. ते चांगलं आहे की नुसतं थकलेलं आहे, मला सांगता येत नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो गेला, हे विसरून तो भाग बघणं मला एकदाही जमलेलं नाही.

दादा म्हणतो, सगळे 41 बघा, क्रमानं. मी म्हणते, व्हँपायरचा तरी सोडा. ह्यावर आमचं अजून एकमत नाही. परवा तो पुन्हा 'एलिजिबल बॅचलर' लावून बसला होता. मी दारातून विचारलं, "हाच का परत?" तर म्हणाला, "बसायचं असेल तर बस, पण गप्प."