तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःची गाणी घेऊन बडोद्यात शो मिळतात का?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे पाठीला गिटार लावून फतेहगंजात भेटणारी कॉलेजची मुलंमुली: "ताई, आमची पाच-सहा गाणी तयार आहेत, पण कोणी बोलावत नाही. लेबल मिळालं तरच शो मिळतात का?" दुसरे म्हणजे दांडिया बाजारातले काका-मावश्या: "एवढं छान वाजवता, मग गणपतीत कुठल्याच मंडळात कसे दिसत नाही?" उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

आमचा बँड चौघांचा. गाणी आमची स्वतःची, बहुतेक मराठी, काही गुजराती. मी गाते, कीबोर्ड वाजवते, आणि शोचे फोनही मीच घेते.

लेबलाचं आधी सांगून टाकते. लेबल, म्हणजे म्युझिक कंपनी, गाणं बाजारात आणतं. शो लावणं हे बहुतेक वेळा बुकिंग एजन्सीचं किंवा मॅनेजरचं काम असतं. आणि ते बघतात एवढंच, की या नावावर या शहरात किती जण तिकीट काढतील. हे ज्यांच्याकडे आहे त्यांना लेबल नसलं तरी बोलावणं येतं, नसेल तर लेबल असूनही फोन वाजत नाही. तेव्हा लेबलाची वाट बघत बसू नका.

बडोद्यात गाण्याला पैसा नाही, असं कोणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. नवरात्रात नऊ रात्री इथे मोठमोठ्या मैदानांवर हजारो माणसं गोल फिरत असतात, आणि स्टेजवर माणसं खरोखर गात-वाजवत असतात: गायक, ढोली, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बासरी. गायक अतुल पुरोहितांच्या गरब्यासाठी लोक परदेशातून रजा काढून येतात. आमचा ड्रमर त्या दिवसांत एका गरबा ग्रुपमध्ये ऑक्टोपॅड वाजवतो आणि त्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग तिथून येतो. गणपती उठले की तो आमच्या तालमीला नसतो. आम्ही त्याला कधी अडवत नाही.

म्हणजे पैसा आहे, वादक आहेत, साउंडवाले आहेत. कानही आहेत. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तिचीच आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली आहे, सुरसागर तलावाच्या काठी. फैयाज खाँसाहेब याच दरबारचे गवई, १९५० मध्ये ते गेले तेही इथेच. ज्या गावात घराघरातून कोणी ना कोणी तबला नाहीतर गाणं शिकलेलं आहे, तिथे ऐकणारे नाहीत असं कसं म्हणायचं? नाही ती फक्त अशी जागा, जिथे माणूस पूर्वी कधीच न ऐकलेलं गाणं ऐकायला म्हणून जाऊन बसतो.

मुंबई, पुणे, बेंगळुरूत ही जागा पबने दिली. मुंबईत ब्लू फ्रॉग २००७ मध्ये सुरू झालं, २०१६ मध्ये बंद पडलं. तेवढ्या वर्षांत स्वतःची गाणी वाजवणाऱ्या कितीतरी बँडांना तिथे चांगलं स्टेज मिळालं. पबचा हिशेब असा असतो की बँड वाजत असला की माणसं तासभर जास्त बसतात, आणखी एक राउंड मागवतात, आणि बँडचे पैसे त्या राउंडमधून निघतात. गुजरातमध्ये राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. इथल्या कॅफेत कोल्ड कॉफी पाऊण तासात संपते, आणि मग ते टेबल दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलं तरच मालकाला परवडतं. आमचं गाणं रंगलं आणि लोक बसून राहिले, तर त्याचं नुकसान होतं. दारूबंदी उठावी असं माझं म्हणणं नाही. आमच्या शोला आई-वडील, आज्या, शाळेतली मुलं निर्धास्त येतात, याचं मला फार अप्रूप आहे. पण मुंबईच्या बँडने सांगितलेली वाट इथे का चालत नाही, हे आधी समजलेलं बरं. कॅफेवाल्याने नाही म्हटलं की ही मुलं आपल्या गाण्यांवरच शंका घ्यायला लागतात, आणि ते मला बघवत नाही. तो नकार गाण्याला नसतो.

आता जे पैसे देऊन बोलावतात त्यांच्याबद्दल. लग्नाचं संगीत, सोसायटीचा वार्षिक कार्यक्रम, कंपनीचा फॅमिली डे. तिथे पहिल्या दोन ओळींतच सगळ्यांनी सोबत गायला लागावं, ही अपेक्षा रास्तच आहे. फोनवर माणसं अगदी गोड बोलतात: "बेन, तमारां गीतो गाजो, पण वच्चे थोडुं जाणीतुं राखजो ने." तुमची गाणी म्हणा, पण मध्ये थोडं ओळखीचंही ठेवा. तारीख जवळ येईपर्यंत ते 'थोडं' वाढत वाढत पाऊण कार्यक्रमापर्यंत जातं. म्हणून आम्ही दोन नावं ठेवली आहेत. लोकांच्या आवडीची गाणी वाजवायची तेव्हा आम्ही एका नावाने जातो, मन लावून वाजवतो, आणि त्या पैशातून स्टुडिओचं भाडं भरतो. बँडच्या नावाने मात्र फक्त आमचीच गाणी. एकाच नावाने दोन्ही केलंत तर पुढच्या फोनवर तुमच्याकडे तीच दहा फिल्मी गाणी मागितली जाणार, आणि तुमची गाणी ऐकायला आलेला माणूस हिरमुसून परत जाणार. नवीन बँडला मी सगळ्यात आधी हेच सांगते.

तिसरा प्रकार फुकटचा, आणि त्यापासून मी मुलांना कळकळीने सांभाळू पाहते. "पैसे नाहीत, पण एक्सपोजर मिळेल." अशाच एका खाद्य महोत्सवात आम्ही वाजवलं होतं. दोन माइक, मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्टेजवर ऐकू यावं म्हणून लावतात तो स्पीकर) एकही नाही, ड्रमरला माझा आवाज ऐकू येत नव्हता, तो माझ्या ओठांकडे बघून ठेका धरत होता. समोरच्या खुर्च्या भरलेल्या होत्या, पण सगळ्या पाठमोऱ्या, कारण ताट घेऊन बसायला दुसरीकडे जागाच नव्हती. आमचं सगळ्यात हळुवार गाणं अंतऱ्यावर आलं आणि निवेदकाने येऊन माझ्यासमोरचा माइक उचलला: जीजे झिरो सिक्स अमुक नंबरची पांढरी गाडी गेटसमोरून काढा. त्या लोकांचं काही चुकलं नाही, ते जेवायला आले होते. पण त्या गर्दीतल्या एकाही माणसापर्यंत आमचं गाणं पोचलं नाही.

तेव्हापासून फोन आला की मी चार गोष्टी विचारते. लोक कशासाठी येणार आहेत? साउंड कोणाचा, आणि साउंडचेकला किती वेळ मिळेल? आमच्या आधी आणि नंतर काय आहे? पैसे कधी मिळतील? रकमेपेक्षा पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी जास्त लक्ष देऊन ऐकते. समजा कॅफेने आठ हजार दिले. तालमीची जागा, ड्रमचं भाडं, टेम्पो, जेवण वजा केलं की चौघांच्या हातात हजार-हजार येतात. चाळीस जण खरंच ऐकणार असतील तर या पैशात मी आनंदाने जाईन. कोणी ऐकणार नसेल तर याच्या दुप्पट पैशातही बँडच्या नावाने जाणार नाही.

काका-मावश्यांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. मंडळाच्या संध्याकाळी आरती असते, मुलांचे नाच असतात, मग ऑर्केस्ट्रा. तिथे पूर्ण कार्यक्रम मागणं बरोबर नाही. आरतीनंतर लगेच, जेवणाआधी, माणसं बसलेली असताना अर्धा तास द्या, एवढंच आम्ही मागतो. एका मंडळाने तो दिला. लोकांनी छान ऐकलं. तुमच्या मंडळात शब्द टाका, आम्ही येऊ.

मग चांगले शो येतात कुठून? आमचे आले ते बेसिस्टच्या मावशीच्या वाड्यातून. दांडिया बाजारातला जुना वाडा, वरच्या मजल्यावर दिवाणखाना, सतरंज्या घातल्या की पस्तीस-चाळीस माणसं मांडी घालून बसतात. ड्रमसेट नेला नाही, कहोन नेला, म्हणजे वर बसून तळव्यांनी वाजवायचा लाकडी खोका. इलेक्ट्रिकच्या जागी साधी गिटार, बेससाठी एक छोटा अँप. तीनशे रुपये तिकीट, आधी यूपीआयवर. घरचा कार्यक्रम असून पैसे कसले, असं मावशीला अवघड वाटत होतं. पण फुकट म्हटलं की निम्मी माणसं हो म्हणून येत नाहीत; तीनशे भरलेला माणूस वेळेवर येतो आणि फोन खिशात ठेवतो. (पुढे हॉल घेऊन करायचं झालं तर हेही लक्षात ठेवा, की संगीताच्या कार्यक्रमाचं ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून मुक्त आहे.)

त्या संध्याकाळी मागच्या पोळमधल्या, म्हणजे गल्लीतल्या, एक गुजराती मासी आल्या होत्या. मराठी त्यांना समजतं, बोलता येत नाही. चौथं गाणं संपलं आणि टाळ्यांच्या आतच त्या म्हणाल्या, "फरी एक वार गाशो?" आम्ही पुन्हा सुरू केलं. आमच्या ड्रमरने कहोनवरचे तळवे उचलले आणि नुसत्या बोटांच्या टोकांनी ठेका धरला, इतका हलका की खालच्या गल्लीतली स्कूटर ऐकू येत होती. ध्रुवपदाची शेवटची ओळ मासींनी माझ्याबरोबर म्हटली. आपण लिहिलेली ओळ परक्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळते, त्यासाठीच तर हे सगळं करायचं. काही महिन्यांनी त्यांच्या भाच्याचा फोन आला. तो एका शाळेचा वार्षिक कार्यक्रम बघतो. चाळीस मिनिटं, सगळी आमची गाणी, साउंडवाला आमच्या पसंतीचा, अर्धे पैसे आधी. पुढचे बरेच शो असेच त्या दिवाणखान्यात बसलेल्या कोणाच्या तरी ओळखीतून आले आहेत.

जागा नेहमी आपल्या माणसांपेक्षा थोडी लहान घ्या. महात्मा गांधी नगरगृहात वाजवावं असं मलाही वाटतं, पण तिथे साठ माणसं बसली तर हॉल रिकामा दिसतो, आणि तीच साठ माणसं वाड्यात जिन्यावर बसून ऐकतात. गच्चीवर किंवा उघड्यावर स्पीकर लावणार असाल तर रात्री दहाला बंद करावे लागतात, कायदाच तसा आहे. गरब्याला मिळते ती सवलत वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती असते. म्हणून आम्ही साडेसातला सुरू करतो.

आणि महिना नीट निवडा. नवरात्रात तुमचा ड्रमर मिळणार नाही. दिवाळीनंतर लग्नं सुरू होतात, साउंडवाले मिळत नाहीत. परीक्षांच्या दिवसांत मुलं येत नाहीत, मे महिन्यात गच्चीवर बसवत नाही. पण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत (इथलं उत्तरायण) कमुरता असतात, म्हणजे आपला धनुर्मास. लग्नं थांबलेली असतात. तेच साउंडवाले, तेच वादक मोकळे असतात, भाड्यात घासाघीस करता येते, हवा सुंदर असते, आणि परदेशात राहणारी मंडळी सुट्टीवर घरी आलेली असतात. आमचा मोठा शो आम्ही याच दिवसांत ठेवतो.

गावाबाहेर जायचं तर अदलाबदल करा. स्पॉटिफायवर कलाकाराला आपली गाणी कोणत्या शहरात ऐकली जातात ते दिसतं. आमची पुण्यात बरीच ऐकली जातात असं दिसलं, तेव्हा मी पुण्यातल्या आमच्यासारख्याच एका बँडला लिहिलं: तुम्ही आमच्या वाड्यात या, राहणं-जेवण आमच्याकडे, तिकिटाचे पैसे निम्मे-निम्मे, मग आम्ही तुमच्याकडे येतो. दोन्हीकडे माणसं तयार मिळाली. रेल्वेने जाताना स्नेअर, पेडल आणि झांजा आपल्या न्यायच्या, बाकी ड्रमसेट तिथे भाड्याने घ्यायचा. आणि जाण्याआधी आयपीआरएसकडे आपल्या गाण्यांची नोंद करून ठेवा. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची ही संस्था १९६९ पासून आहे, आणि तिचं लायसन घेतलेल्या जागी तुम्ही स्वतःचं गाणं वाजवलंत तरी गीतकार-संगीतकार म्हणून त्या गाण्याची रॉयल्टी तुमची असते. स्ट्रीमिंगच्या पैशावर मात्र विसंबू नका. वर्षभरात १,००० वेळाही न ऐकलेल्या गाण्याचे स्पॉटिफाय काहीच देत नाही.

फतेहगंजातल्या मुलांनो, या कमुरतात आम्हाला आमच्या आधी वाजवायला एक बँड हवा आहे. गाणी स्वतःची हवीत, भाषा कुठलीही चालेल. एकाच खोलीत, एकाच फोनवर, न कापता रेकॉर्ड केलेली तीन गाणी पाठवा. स्टुडिओत घासूनपुसून केलेलं नको, कारण मला तुम्ही समोर बसून कसे वाजवता ते ऐकायचं आहे. पंचवीस मिनिटं मिळतील, साउंडचेक पाच वाजता, तिकिटाच्या पैशात डोक्यामागे सारखा वाटा. गिटारच्या तारा आणि बॅटऱ्या जास्तीच्या आणा. आपली दहा माणसंही आणा, ज्यांनी तिकीट काढलेलं असेल.