डायॉप्टेजचा रिपोर्ट आणि 'जिल्हा' नावाचा रकाना

आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात डेडस्टॉकची, म्हणजे विभागातल्या टिकाऊ वस्तूंची, पडताळणी निघाली आणि रजिस्टरमधल्या एका जुन्या नोंदीवर गाडी अडली: 'पाचू, नग 1'. कपाटात होते पांढऱ्या कॅल्साइटवर बसलेले गर्द हिरवे, आखूड स्फटिक. पाचू म्हटला की मूल्यांकन आलं, तिजोरी आली. नोंद बदलायची तर बाहेरच्या प्रयोगशाळेचा एक्स-रे डिफ्रॅक्शनचा (क्ष-किरणांनी खनिज ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट आणा, असं ऑफिसनं सांगितलं.

मला खात्री होती की हे डायॉप्टेज आहे, तांब्याचं पाणीयुक्त सिलिकेट. खनिजांची कठिनता 1 ते 10 अशा मोह्स मापावर मोजतात. पाचूची साडेसात ते आठ, तो काचेवर ओरखडा काढतो. डायॉप्टेजची फक्त पाच. डब्यातल्या कापसात गळून पडलेला एक कण काचेवर घासला. काच जशीच्या तशी, कणाचंच पीठ झालं. दुसरा कण हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून वर अमोनिया टाकला, द्रावण निळंशार झालं. तांबं! (आम्ल अख्ख्या नमुन्यावर टाकू नका, खालचा कॅल्साइट फसफसून जाईल.) कझाकस्तानातल्या अल्तिन-त्युबेचे असेच स्फटिक अठराव्या शतकात पाचू समजले गेले होते, तेही कठिनतेवरूनच उघडे पडले. 1797 साली फ्रेंच खनिजतज्ज्ञ हाऊई यांनी त्याला आजचं नाव दिलं.

आता प्रयोगशाळेचा फॉर्म. त्यात 'नमुना सापडल्याचे ठिकाण: गाव, तालुका, जिल्हा' असा रकाना. मी लिहिलं, 'कॉलेजचा जुना संग्रह, मूळ ठिकाण नोंदलेले नाही.' फॉर्म परत. पुन्हा लिहिलं, सोबत विभागप्रमुखांचं पत्र जोडलं. पुन्हा परत. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "सर, जिल्हा टाकल्याशिवाय फाईल पुढं सरकत नाही. छत्रपती संभाजीनगर टाका ना, कोण बघतंय?"

याचाच मला अजून राग येतो. हे खनिज बनतं तांब्याच्या धातुकाच्या (तांबं असलेल्या दगडाच्या) वरच्या, हवा-पाण्यानं बदललेल्या भागात, तेही बहुतेक कोरड्या मुलखात. नामिबियातली त्सुमेब खाण त्यासाठी जगप्रसिद्ध. ती 1996 साली बंद झाली. मराठवाडा बेसाल्ट या काळ्या खडकावर बसलाय. तिथं दगडाच्या पोकळीत स्टिल्बाइट, अपोफिलाइट, हुलँडाइट अशी वेगळीच खनिजं मिळतात. तांब्याची खाण नाही. मी 'संभाजीनगर' लिहिलं असतं तर रिपोर्टवर शिक्क्यासह तेच छापून आलं असतं, आणि उद्या एखादा विद्यार्थी ते खरं धरून चालला असता. ठिकाण खोटं असलेला नमुना अभ्यासाला निरुपयोगी होतो. मी लिहिलं नाही.

शेवटी खिडकी सोडून थेट तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमना भेटलो. त्यांनी भिंगातून नमुना पाहिला, रकान्यात 'मूळ ठिकाण अज्ञात' लिहून सही केली. दोन मिनिटांचं काम! तुम्हीही आधी तांत्रिक माणसालाच गाठा.

तपासणीला पावडर लागते. नमुना फोडू नका. कापसातले कण गोळा करून तेच द्या, मला तेवढे पुरले. रिपोर्टात डायॉप्टेजच निघालं, आणि रजिस्टरमधला पाचू खोडून तिथं ते नाव मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. नमुना नेताना पक्क्या डब्यात न्या आणि अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये कधीच घालू नका. हे खनिज तीन दिशांनी सहज दुभंगतं.