माशी मिळाली, पण फॉर्मला अळीचं नाव हवं होतं

दोरीने झाडावर चढून, फांदीखाली पांढरं कापड धरून शेंड्याकडच्या पतंगांच्या अळ्या झोडपून पाडल्या, प्रत्येकीला वेगळा डबा, रोज पाला बदलणं, हे सगळं नीट झालं. सतरा अळ्यांमधून टॅकिनिड माश्या (ज्यांची पिल्लं दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढतात) निघाल्या. ओळख पटवायला एका लॅबकडे पाठवायच्या होत्या, आणि तिथेच अडकलो.

ऑनलाइन फॉर्ममध्ये 'होस्टचं नाव, प्रजातीपर्यंत' असा रकाना (होस्ट म्हणजे माशी जिच्यात वाढली ती अळी), रिकामा सोडला तर पुढचं पानच उघडत नाही. 'अज्ञात' लिहिलं तर आठवड्याने अर्ज परत, वर शेरा की होस्टचा प्रौढ पतंग सोबत जोडा. अहो, पतंग कुठून आणू? माशीच्या मॅगटने, म्हणजे तिच्या पिल्लाने, पतंगाची अळी आतून खाल्ली, बाहेर येऊन तपकिरी गोळीसारखा कोष केला, त्यातून माशी आली. पतंग झाला असता तर माशीच नसती ना! हेच मी तीन मेलमध्ये लिहिलं, तिन्ही वेळा तोच छापील शेरा. चार महिने गेले. या माश्यांच्या ८,५०० हून जास्त प्रजाती नोंदल्यात आणि त्यातल्या कितीतरींचे होस्ट कुणालाच माहीत नाहीत, मग हा रकाना सक्तीचा कशासाठी?

शेवटी सुटलं ते नशिबाने. त्याच फांदीवरच्या तशाच दिसणाऱ्या दोन अळ्यांचे पतंग झाले होते, आणि मेलेल्या अळ्यांची कातडी आणि डोक्याची टरफलं मी फेकली नव्हती, त्यावरून डीएनए जुळवला. म्हणून सांगतो, मेलेल्या अळीचं काहीही फेकू नका, अल्कोहोलमध्ये ठेवा.

आणि हो, फोटो पहिल्याच दिवशी काढा. अळीच्या डोक्यामागे माशीची पांढरी अंडी चिकटलेली दिसतात, पण अळीने कात टाकली की कधीकधी तीही कातीबरोबर जातात. काही जातींची अंडी तर इतकी बारीक की पानावरच असतात आणि अळी पानासकट गिळते, त्यामुळे बाहेरून आणलेला पाला धुऊन पुसूनच द्या, नाहीतर माशी जंगलातल्या अळीत होती की तुमच्या पाल्यातून आली हे कळायचं नाही. माशी निघाल्या निघाल्या मारू नका, अंग कडक व्हायला एक दिवस द्या. माझी पहिली घाईत सुरकुतली, आणि ओळख बरीचशी केसांवरूनच करतात.

रिपोर्ट आला परवा. माशीच्या प्रजातीच्या रकान्यात त्यांनी स्वतःच लिहिलंय, 'अनिश्चित'.